जुनी गाडी घेताय? आधी कागद, मग पत्रा, इंजिन सगळ्यात शेवटी

जुनी गाडी घ्यायचीये असं कोणी म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला, इंजिन कसं आहे ते कोणाला दाखवू? अहो इंजिनाचं सोडा. फियाटचं इंजिन खोलून, बोर करून, पिस्टन-रिंगा टाकून परत बसवणारे मिस्त्री अजून आहेत पुण्यात, आणि एकदा पैसे मोजले की ते काम संपतं. जे संपतच नाही ते कागदांचं आणि गंजलेल्या पत्र्याचं काम. म्हणून आधी कागद, मग पत्रा, आणि इंजिन बंद पडलेलं असलं तरी चालेल, उलट भाव पाडायला बरंच. मी इथे स्वातंत्र्यानंतरच्या, म्हणजे साधारण पासष्ट सालापर्यंतच्या गाड्यांबद्दल बोलतोय, त्याआधीच्या राजेरजवाड्यांच्या गाड्या हा वेगळा विषय आणि वेगळा खिसा.

आपल्याकडे त्या काळातल्या गाड्या तशा मोजक्याच. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर, कारखाना कुर्ल्याला, तिथे आधी डॉज-प्लिमथ जोडल्या जायच्या, मग 1954 ला फियाट 1100 आली जिला सगळे डुक्कर फियाट म्हणतात, पाठ गोल आणि पुढचे दरवाजे उलटे उघडणारे. त्यानंतर चौसष्टच्या सुमाराला डिलाइट, याच बॉडीची पुढे पद्मिनी झाली. कलकत्त्याकडून हिंदुस्थान मोटर्सच्या मॉरिस घराण्यातल्या, बेबी हिंदुस्थान म्हणजे आपली मॉरिस मायनर, 1954 ची लँडमास्टर आणि 1957 पासून अँबॅसेडर. मद्रासच्या स्टँडर्ड, त्यांची हेराल्ड 1961 ची. शिवाय महिंद्राच्या विलीज जीप.

पहिलीच जुनी गाडी असेल तर माझं मत स्पष्ट आहे, डिलाइट घ्या नाहीतर सुरुवातीची अँबॅसेडर. कारण एकच, पद्मिनी नव्वदच्या दशकातही बनत होती आणि अँबॅसेडर तर 2014 पर्यंत, त्यामुळे आतलं बरंचसं सामान आजही मिळतं किंवा थोडं घासून-पुसून बसवता येतं. डुक्कर फियाट दिसायला भारीच आहे, कोणाचंही मन तिच्यावरच जातं, पण तिच्या क्रोमच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या काचा, पुढचा बिल्ला हे शोधायला निघालात की कळेल, इंजिनाचा पार्ट परवडला. अमेरिकन गाड्यांचं म्हणाल तर सदाशिव पेठेत राहून प्लिमथ घेणाऱ्याला मी अडवणार नाही, ती लावणार कुठे एवढंच विचारीन.

आता कागद. जुनं आरसी म्हणजे पुस्तक, हाताने लिहिलेलं, शाई उडालेली, पानाला घडीवर चिरा. ते समोर आलं की तीन गोष्टी जुळवायच्या, चासी नंबर, इंजिन नंबर आणि इंधन. नुसतं वाचून जुळवू नका, चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा, छाप घ्या आणि मग पुस्तकाशी ताडून बघा, आरटीओतसुद्धा छापच मागतात. नंबरावर वेल्डिंगचा डाग असेल किंवा आकडे वेगवेगळ्या उंचीचे वाटत असतील तर चहा पिऊन निघायचं, पुढे बोलणी नकोत. इंजिन नंबर न जुळणं हे तुलनेने कमी गंभीर, कारण त्या काळात इंजिनं सर्रास बदलली जायची, पण मग बदलाची नोंद पुस्तकात हवी. लँडमास्टर आणि जीपमध्ये तर डिझेल इंजिन टाकलेल्या गाड्या इतक्या आहेत की पेट्रोलची मूळ गाडी सापडली तर नवल वाटतं, आणि अशा गाडीच्या पुस्तकात अजून पेट्रोलच लिहिलेलं असतं. एलपीजी किट लावून काढलेल्या गाड्यांचीही तीच रड.

दुसरं म्हणजे मालक कोण. समोर गाडी दाखवणारा माणूस आणि पुस्तकातला मालक एकच आहे का? बऱ्याचदा पुस्तकात आजोबांचं नाव असतं, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात आणि नातू विकायला उभा असतो. नातू खरा असतो, गाडी पण खरी असते, पण मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायचा फॉर्म 31 वेगळा आणि त्याला वारसांचे कागद लागतात, इतर वारसांची ना हरकत लागते. आधी त्यांना गाडी स्वतःच्या नावावर करू द्या आणि मग 29-30 फॉर्मवर तुमच्या नावावर घ्या. "सह्या करून ठेवतो, तुम्ही नंतर बघा" याला अजिबात भुलू नका, नंतर अमेरिकेतल्या काकूंची सही आणायला तुम्हालाच पळावं लागेल. गाडी दुसऱ्या आरटीओतली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी हवी, आणि पुस्तकात कधीकाळी बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवलेला फॉर्म 35 हवा, मग ती बँक आज अस्तित्वात असो नसो. शिवाय जुनी पुस्तकं बऱ्याचदा ऑनलाइन चढलेलीच नसतात, परिवहनच्या साइटवर नंबर टाकला की काहीच येत नाही, म्हणजे गाडी खोटी असं नाही, पण ती नोंद चढवायचं काम पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून करून घ्या. संगमपुलाच्या आरटीओ ऑफिसात एक सकाळ घालवली तर घरी बसून आठवडाभर फोन करण्यापेक्षा जास्त कळतं.

आणि आता व्हिंटेज नंबरबद्दल, कारण यात लोक फार गोंधळतात. जुलै 2021 ला केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी 20,000, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला 5,000. नंबर येतो एमएच व्हीए, मग दोन अक्षरं आणि चार आकडे. छान वाटतं ना? पण अट वाचा, अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं, एवढंच. म्हणजे रविवारी सहज सासवडला भेळ खायला जाणं त्यात बसत नाही. तेव्हा गाडीचं आरसी जिवंत असेल तर माझा सल्ला, साधी नोंदणीच चालू ठेवा, दर पाच वर्षांनी रिन्यू करा, पर्यावरण कर भरा. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांपुढच्या कारची रिन्युअल फी 10,000 झालीये, झोंबते, पण गाडी कुठेही नेता येते. व्हीए तेव्हाच, जेव्हा नोंदणी मेलेलीच आहे किंवा गाडी फक्त मिरवायची आहे. आणि बीएम वगैरेने सुरू होणारा जुना तीन अक्षरी नंबर असेल तर तो जपा, आधीच नोंदलेल्या गाडीला तो ठेवता येतो, कोणी एजंट "नवीन सिरीज घ्या साहेब, पटकन होईल" म्हणाला तर हसून नाही म्हणा.

कागद झाले की पत्रा. गाडी बघायला सकाळी जा, उन्हात बघा, पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली नको. खिशात फ्रिजवरचा चपटा लोहचुंबक ठेवा आणि तो पातळ फडक्यात गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही. दरवाज्याच्या खालच्या काठावरून, चाकाच्या वरच्या कमानीवरून, फूटबोर्डाच्या पट्टीवरून हळूहळू फिरवत न्यायचा. जिथे पत्रा आहे तिथे तो चिकटतो, जिथे लांबी म्हणजे पुट्टी भरलेली आहे तिथे हातातून सुटतो. एखाद्या ठिकाणी सुटला तर ठीक, सत्तर वर्षांत कोणीतरी कुठेतरी ठोकलेलीच असणार, पण दोन्ही बाजूच्या पट्ट्यांवर सगळीकडेच सुटायला लागला तर तुम्ही गाडी नाही, लांबीचा पुतळा विकत घेताय. मग कार्पेट उचला, ओळखीने नाही तर हट्टाने उचला, पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबून बघा. डिक्कीत स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा बघा, पाणी तिथेच साचतं. बॅटरीखालची जागा बघा, ॲसिडने पत्रा खाल्लेला असतो. या सगळ्या गाड्यांपैकी फियाट आणि मॉरिसची बॉडीच तिचा सांगाडा आहे, वेगळी चासी नाही, त्यामुळे तळाचा पत्रा गेला म्हणजे गाडीचं हाड गेलं. सगळे दरवाजे उघडून मिटवून बघा, मिटताना दरवाजा वर उचलावा लागत असेल तर बिजागरीच झिजलीये की बॉडीच झुकलीये ते बघावं लागेल.

मुंबईची गाडी आणि पुण्याची गाडी यात मी डोळे मिटून पुण्याची घेईन. दादरला समुद्राच्या वाऱ्यात तीस पावसाळे काढलेल्या गाडीचा वरचा रंग आरशासारखा असू शकतो आणि खालून चाळणी. सोलापूर-नगरकडच्या गाड्या त्याहून कोरड्या, फक्त त्यांच्या आत धूळ इतकी असते की वायरिंग पूर्ण नवीन करावं लागतं, पण धूळ झटकता येते.

इंजिनाबद्दल थोडंच. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवलीये, म्हणजे इंजिन गार असताना ती सुरू होताना बहुधा काहीतरी त्रास देते. मग गप्पा मारा, गाडी गार होऊ द्या, काही तास लागतील, आणि मग चोक ओढून सुरू करायला सांगा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी जळतंय, हेड गॅस्केट बघावं लागेल. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडा, पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर भाव अजून खाली आणा. मिस्त्री बरोबर न्यायचा असेल तर पिकलेला न्या, ज्याने पॉइंटचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा, गॅप ब्लेडने बघितलाय असा, स्कॅनर लावणाऱ्या पोरांना इथे लावायला काही सापडणार नाही.

भावाचं काय? कोणाचं ऐकू नका, ऑनलाइन टाकलेला आकडा हा मागितलेला आकडा असतो, मिळालेला नाही. फक्त एवढं करा, गाडी घ्यायला जेवढे मोजणार त्याच्या निम्मे तरी वेगळे काढून ठेवा, ते पहिल्या वर्षात जाणारच. आणि घेतलेली गाडी चालवत घरी आणू नका हो, कितीही मोह झाला तरी. बाहेरगावची असेल तर ट्रकवर टाकून आणा. कोणाच्या हातची ब्रेकची रबरं आहेत, किती वर्षांची आहेत, तुम्हाला माहीत नाही, आणि या गाड्यांत ब्रेकची लाइन एकच असते, एका चाकाचा व्हील सिलेंडर फुटला की चारही ब्रेक गेले.

म्हणून घरी आल्यावर पहिलं काम रंग नाही, ब्रेक. चारही ड्रम खोला, व्हील सिलेंडर आणि मास्टर सिलेंडरची रबर किट नवीन, सिलेंडरला आत खड्डे पडले असतील तर स्लीव्ह मारून घ्या, रबरी होज नवीन, ऑइल पूर्ण काढून नवीन भरा. मग टायर. नक्षी भरपूर दिसते म्हणून खुश होऊ नका, पंधरा वर्षं उभ्या गाडीचा टायर बाजूने तडकलेला असतो. क्रॉस-प्लाय आणि रेडियल एकत्र लावू नका, लावायचे तर चारही एकाच जातीचे. इंजिनात 20डब्ल्यू-50 मिनरल ऑइल, सिंथेटिक महाग ऑइल घातलं की जुन्या सीलांतून ते जमिनीवर येतं आणि सोसायटीचे सेक्रेटरी दारात. स्टिअरिंगच्या किंगपिनला ग्रीस निपल आहेत, त्यात ग्रीस गन लावून जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत मारायचं, अर्ध्या गाड्यांचं "स्टिअरिंग जड आहे" हे दुखणं एवढ्यानेच जातं. मॉरिस घराण्याच्या जुन्या गाड्यांत बॅटरीचं प्लस बॉडीला लागतं, मायनस नाही. हे डॅशबोर्डाखाली मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा, शेजारच्याच्या गाडीवरून जंप द्यायला गेलात तर हेच विसरायला होतं.

सामानासाठी नाना पेठेत फिरा, आणि बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात, तिथे एखादं घड्याळ, हबकॅप, आरसा असं काहीतरी हाताला लागतं, घासाघीस करायची तयारी ठेवा. फियाटच्या सामानाला शेवटी कुर्ल्यालाच जावं लागतं. काच मात्र जपा, विशेषतः वळलेली मागची काच.

पेट्रोलचं सांगायलाच हवं, कारण आता पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि पाइप आधी जातात, शिवाय हवेतलं पाणी ओढून घेतं, मग उभ्या गाडीच्या टाकीत खाली पाणी बसतं आणि टाकी आतून गंजते. यावर उपाय म्हणजे इथेनॉल सोसणारे पाइप, पंपाचा नवीन पडदा, टाकी एकदा काढून स्वच्छ, पंपाआधी एक पारदर्शक फिल्टर, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी पंधरा दिवसांत एकदा तरी चांगली गरम होईपर्यंत फिरवणं. शिसं असलेलं पेट्रोल 2000 ला बंद झालं, ते व्हॉल्व्हच्या बैठकीचं, म्हणजे सीटचं, रक्षण करायचं, त्यामुळे अँबॅसेडरसारख्या बिडाच्या हेडला कधी खोललंत तर कडक सीट बसवून घ्या, परत खोलावं लागणार नाही. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात सीट वेगळ्याच बसवलेल्या असतात, तिथे ही काळजी कमी.

चालवायचं कसं? पहिल्यांदा रविवारी सकाळी सहाला काढा, कॅम्पात फिरवा, रेसकोर्सच्या बाजूने, रस्ते रुंद आणि रिकामे. फियाट आणि अँबॅसेडरचा गियर स्टिअरिंगखाली आहे, हँड गियर, दोन दिवसांत हात बसतो. पहिल्या गियरला सिंक्रोमेश, म्हणजे गियरचा वेग जुळवून देणारी सोय, नसतो, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, टाकलात तर सगळ्या चौकाला ऐकू जाईल. चढावर गाडी दमली आणि पहिला लागणारच असेल तर डबल क्लच, क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडं ॲक्सिलरेटर, परत दाबून गियर, हे एकदा जमलं की गियरबॉक्स तुमचा मित्र.

ब्रेक. चारही ड्रम, बूस्टर नाही, पाय जोरात दाबावा लागतो आणि तरी गाडी आजच्या गाडीच्या दुप्पट अंतरात थांबेल असं धरूनच चालायचं. पुढे अंतर ठेवलंत की त्यात स्कूटर घुसणार, पीएमपीची बस घुसणार, हे पुणं आहे, परत अंतर ठेवा. दुसरा त्रास प्रेमाचा, लोक शेजारून गाडी चालवत फोटो काढतात, काच खाली करून विचारतात, "काका, ॲव्हरेज किती देते?" हसायचं, हात दाखवायचा आणि नजर पुढे. मॉरिस मायनरच्या इंडिकेटरचे हात खांबातून बाहेर येतात, मागच्या पोरांना ते काय आहे तेच कळत नाही, त्यामुळे स्वतःचा हात बाहेर काढून सिग्नल द्या, नियमात आहे तो.

घाटात चढताना काळजी इंजिनाची आणि उतरताना ब्रेकची. दिवे घाट पुण्याहून सासवडला जाताना चढ, तेव्हा तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा आणि तिसऱ्यात ओढत बसू नका, दुसऱ्यात आरामात जाऊ द्या, पंखा फिरतो तेवढाच रेडिएटर गार राहतो. उन्हाळ्यात दुपारी गाडी मधेच खोकायला लागली, थांबली आणि प्लगला ठिणगी तर आहे, तर पेट्रोलची पंपातच वाफ झालीये. बॉनेट उघडा, फडकं ओलं करून पेट्रोल पंपावर गुंडाळा, दहा मिनिटं थांबा, बहुतेक वेळा लगेच सुरू होते. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कोणी कितीही घाई केली तरी उघडायचं नाही. परत येताना उतार, ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा, ब्रेक दाबून धरू नका, दाबा आणि सोडा. लायनर जळल्याचा वास आला की ब्रेकची पकड सुटायला लागलीये, बाजूला घ्या आणि गार होऊ द्या. पालखीच्या दिवसांत त्या घाटात जाऊच नका, एक तर रस्ता बंद, आणि क्लचवर तासभर सरकत राहायला ही गाडी नाही.

एक्स्प्रेसवेची हौस करू नका, चाळीसएक हॉर्सपॉवरच्या गाडीला मागून शंभरने येणारे कंटेनर नकोत. लोणावळ्याला जायचं तर जुन्या हायवेने, पन्नास-साठच्या वेगाने, कामशेतला चहा घेत. पावसात शक्यतो काढू नका, वायपर आहेत पण ते आहेत एवढंच, आणि भिजून आलात तर दरवाजे उघडे ठेवून वाळवा, प्लास्टिकचं कव्हर लगेच घालू नका, आतल्या आत घाम सुटतो. सुती कव्हर बरं. उंदीर वायरिंग खातात, म्हणून बॅटरीला कटऑफ स्विच लावून घ्या आणि रात्री तो बंद करा. पीयूसी आणि निदान थर्ड पार्टी विमा कायम चालू हवा, जुन्या गाडीचं पीयूसी कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत असेल तर होतं, कार्बोरेटर नीट बसवला असेल तर सहज. विमा पूर्ण घ्यायचा असेल तर किंमत आधीच ठरवून लिहून घेणारी पॉलिसी मागा, नाहीतर तुमची डिलाइट त्यांच्या हिशोबात भंगाराच्या भावात धरली जाईल.

डिक्कीत कायम काय असावं तर फॅन बेल्ट, पॉइंट आणि कंडेन्सर, एक प्लग, पेट्रोलचा हातभर पाइप आणि दोन क्लिपा, पाच लिटर पाणी, जुनं फडकं, वायरचा तुकडा, पाने-पक्कड आणि जॅक, जो ह्याच गाडीला लागतो का ते घरीच एकदा लावून बघितलेला.